हंसाचा डबा

...तसं नाही हो मॅडम, पंखा मी मुद्दामच बंद ठेवलाय. लावला ना, की वास सगळा पसरतो — म्हणजे वास नाहीये, असता तर पसरला असता, असं म्हणतेय मी. बसा. ही खुर्ची घ्या. ती नको, तिचा एक पाय गेलाय, शेठना चार महिने सांगतेय. शेठ येतीलच. आत्ताच फोन होता, विरार फाट्याला अडकलेत, आणि फाट्याला अडकलेला माणूस कधी सुटेल ते ट्रॅफिकचा हवालदारपण सांगू शकत नाही. मला बजावून ठेवलंय त्यांनी — मनोरमाबाई, मिठाई कंपनीच्या मॅडम येतील, त्यांना चहा द्या, कारखाना दाखवा, आणि मी येईपर्यंत तोंड उघडू नका. म्हणून मी काही बोलणार नाहीये. रुमाल राहू दे तुमचा नाकाला, माझी काही हरकत नाही. चहा आला की काढावा लागेल, तेवढंच.

कारखाना बघितलात ना? ते पंजे बघितलेत? नवीन माणूस दचकतोच. रांगेनं पत्र्याचे हात वर केलेले, आतून गरम — त्यांच्यावर हातमोजा चढवला की इस्त्री झाली. माझी मुलगी लहान होती तेव्हा विचारायची, आई, हे सगळे कोणाला थांब म्हणतायत? सव्वीस वर्षं मी त्या हातांसमोर बसतेय. चेकिंग आणि पॅकिंग, दोन्ही माझ्याकडे. प्रत्येक डझनात चिठ्ठी जाते, ‘तपासले’ आणि खाली म. म म्हणजे मनोरमा. तुमच्या त्या पिशवीतल्या मोज्यातपण असेल बघा. आहे ना? हां. म्हणजे माल आमचाच आहे, ते मी नाकबूल करत नाही.

आता काय घडलं ते शेठनी तुम्हाला लेखी पाठवलंय. तेच घडलं. दिवाळीची तुमची ऑर्डर, पांढरे सुती हातमोजे, पाचशे डझन जोड्या, मिठाई भरणाऱ्या पोरांसाठी. माल वेळेत गेला. आणि भाऊबीजेला तुमचा फोन — पेढ्याला बोंबलाचा वास येतोय. चौकशी झाली. आमची एक बाई आहे, हंसा, अर्नाळ्याची, एकोणीस वर्षं इथे कामाला. तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती, तो डबा खोक्यात सांडला. तिला घरी बसवलं. विषय संपला. आता तुम्ही तो कागद आणलाय, त्याच्यावर सुपरवायझर म्हणून माझी सही हवी — ‘हंसा हिच्या निष्काळजीपणामुळे’ वगैरे वगैरे. करते ना सही. पेन कुठे गेलं माझं? सकाळी तर होतं. असू दे, सापडेल. घाई आहे का तुम्हाला?

काय? डबा केवढा? डबा तसा मोठाच असतो हो तिचा. तीन पुडाचा. चार पुडाचा म्हणा. नाही, खोकी चाळीस होती, बरोबर आहे तुमचं. आता एका डब्यातली चटणी चाळीस खोक्यांत कशी जाईल, असंच म्हणणार ना तुम्ही? पण सुकी चटणी असते ती. उडते. हो, सगळी खोकी एकदम उघडी होती. आणि पंखा चालू होता. हा नाही, आतला. म्हणून तर मी आज पंखा लावला नाही, बघा, शिकतो माणूस.

चहा आला. ठेव रे इथे. घ्या मॅडम. बिस्किटं नाहीत, पण तुम्ही आणलेत ते पेढे — छान आहेत हो. केशर घातलंय ना? मी दोन घेतले, तुम्ही मघाशी पंजे बघायला आत गेलात तेव्हा. तिसरा आत्ता घेतला. वास? नाही बाई, मला तर पेढ्यासारखा पेढा लागला. वेलची जरा जास्त आहे. काय म्हणता? नमुना होता? लॅबला द्यायचा होता? अगं बाई. मग बॉक्सवर तसं लिहायचं तरी ना! मला वाटलं, एवढी मिठाईची कंपनी, माणसं रिकाम्या हातानं कशी येतील. एक राहिलाय चौथा, तो ठेवा पर्समध्ये आधी. झाकण लावून ठेवा.

तुमचं नाव काय म्हणालात? संपदा. माझ्या मुलीहून लहान दिसताय. पहिलीच नोकरी? वाटलंच, एवढं सगळं लिहून घेताय ते. मी तुला तू म्हटलं तर चालेल ना? तोंडात तेच येतं माझ्या. मग ऐक संपदा, तुला एक सांगते, ते लिहू नको. तू मुंबईहून आलीस, तुला वाटणार, हातमोज्यांचा कारखाना म्हणजे काय, एक पत्र्याची शेड. पण या पट्ट्यात आमच्या मोज्याशिवाय पान हलत नाही. ज्यात शिवण चुकते, एखादं बोट आखूड होतं, तो माल आम्ही बायका घरी नेतो, शेठ काही म्हणत नाहीत. निर्मळची रोवेना आमचे मोजे घालून केळीचे घड उतरवते — केळीचा चीक हाताला लागला की आठ दिवस जात नाही, आणि तिला चर्चमध्ये काळे हात घेऊन जायचं नसतं. ॲन्सेल्मचा बँड आहे, लग्नात वाजवतात, त्या अख्ख्या बँडचे हात आमचे. ट्रॉम्बोनवाल्याला करंगळी नसलेला मोजा दिलाय मी, तो म्हणतो, मला असाच बरा पडतो. अर्नाळ्याला बायका कोलंबी सोलतात आमच्या मोज्यात. आमच्या बोळिंजच्या सोसायटीत सगळ्या गॅलऱ्यांत बघ, कबुतरांना घाबरवायला काठीला पांढरा हात बांधलेला. कबुतरं त्याच्यावरच बसतात, ते सोड. माणसाला जेवायला बोलावतात तसा इथे आमच्याकडे मोजा मागतात. आणि हंसा घरी बसल्यापासून अर्नाळ्याहून एक बाई माझ्याकडे मोजा मागायला आली नाहीये. एकसुद्धा नाही.

नाही, हंसाबद्दल काय बोलायचं? काही नाही. बोलून झालंय.

ड्रायर? ड्रायर आहे ना आमच्याकडे, दाखवला नाही का तुला? कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. मोजे धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यायचे अशी अटच आहे ना तुमची, खायच्या वस्तूला लागणार म्हणून. हो, चालतो की. आता चालतो. त्या वेळी? त्या वेळी — हे बघ, तू फार बारीक विचारतेस. तेव्हा जरा बंद होता. दिवाळीच्या आधीचा आठवडा, पाचशे डझन ओले मोजे टोपल्यांत, आणि ड्रायरमधून धूर. शेठ राजकोटला, मेहुण्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट दिवाळीनंतर. शेठना फोन केला तर मागे सनई आणि हे ओरडतायत, काहीही करा मनोरमाबाई, रविवारी माल पोचला पाहिजे! आता ‘काहीही करा’ म्हटल्यावर माणूस काय करणार? काहीही करणार.

आधी मी माझ्या सोसायटीच्या गच्चीचा विचार केला. सहा मजली इमारत, मोठी गच्ची, ऊन कडक. पण गच्चीवर बोर्ड आहे — ‘पापड, कुरडया, कपडे व इतर वस्तू वाळत घालण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून, सेक्रेटरी.’ आणि सेक्रेटरी कोण? श्रीरंग. माझा नवरा. रिटायर झाल्यापासून सेक्रेटरी आहे, आणि सेक्रेटरी झाल्यापासून माणसात नाही. मी म्हटलं, अहो, दोन दिवसांचा प्रश्न आहे. तर म्हणे, मोजे ‘इतर वस्तू’मध्ये येतात. म्हटलं, सहा हजार जोड्या ओल्या पडल्यात! तर म्हणे, लेखी अर्ज दे, पुढच्या मीटिंगमध्ये घेतो. माझ्याच हातची भाजी खात बोलला हं हे. मी अर्ज दिला. तो अजून विचाराधीन आहे. परवा त्याचं पत्र आलं मला, आमच्याच टपालपेटीत.

मग? मग काय, वाळले कुठेतरी. ऊन काय एका गच्चीवर पडतं का?

तू असं गप्प बसून बघतेस ना, ते वाईट आहे तुझं. शेठ विचारतात तेव्हा ओरडतात, मग मलापण ओरडता येतं. बरं, सांगते. पण पेन खाली ठेव. ठेवलंस? हंसा म्हणाली — बाई, आमच्याकडे दोऱ्या हायेत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबू ठोकून ओळीनं दोऱ्या बांधलेल्या असतात, नजर पोचत नाही इतक्या. बोंबील वाळवायला. तिच्या सासूच्या बऱ्याच दोऱ्या आहेत, त्यातल्या निम्म्या रिकाम्या होत्या. तिचा मुलगा कल्पेश टेम्पो चालवतो, त्यानं टोपल्या नेल्या. हो, बोंबीलवाल्या दोऱ्या. आता तू म्हणशील, अक्कल कुठे गेली होती? अगं, दोरीला कुठे वास असतो? तिथे वारा एवढा, ऊन एवढं, दोरी कोरडी ठणठणीत. आणि मी काही अडाणी नाही. मी जागा बघून मांडणी करून दिली — आपला माल पुढच्या दोऱ्यांवर, समुद्राच्या बाजूला, आणि त्यांचे बोंबील मागच्या दोऱ्यांवर, गावाच्या बाजूला. वारा समुद्राकडून येतोय, म्हणजे तो आधी आपल्या मोज्यांवरून जाणार आणि मग बोंबलांवर. वास लागायचाच तर बोंबलांना मोज्यांचा लागेल. बरोबर ना? बरोबरच होतं. दिवसभर बरोबर होतं.

तू बघायला हवं होतंस तेव्हा. हंसा, तिची सासू, आणखी पंधरा बायका. बोंबील कसे टाकतात माहितेय तुला? दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक इकडे लोंबतो, एक तिकडे. यांचे हात तसेच चालतात, मान वर न करता. आमच्या मोज्यांचीपण तशीच जोडी लावली त्यांनी — एका मोज्याचा अंगठा दुसऱ्याच्या मनगटात खुपसायचा आणि टाकायचा दोरीवर. जेवायच्या आत सहा हजार जोड्या वर. समुद्रावरून वारा आला की सगळे हात एकदम हलायचे. किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं फोटो काढत होती. म्हातारी सासू मला म्हणाली, मासळी परवडली बाई, ती टाटा तरी करत नाय. मी पोट धरून हसले. त्या दिवशी मला वाटलं, मनोरमा, तू शेठ असायला हवी होतीस.

संध्याकाळी पाच वाजता कल्पेश टेम्पो घेऊन आला. आणि हंसा म्हणाली — हे मात्र लिहू नकोस — बाई, आता काढून घ्या सगळं. अंधार पडला की वारा फिरनार. जमिनीवरनं येनार. पहाटं दव पन पडतं. मी मोजा चाचपला. मनगटाशी, जिथे दुहेरी शिवण असते ना, तिथे ओलसर लागला. म्हटलं, राहू दे रात्रभर, सकाळी नेऊ. ती म्हणाली, बाई, ऐका. आणि चार दोऱ्या तिनं उतरवल्यापण होत्या तोवर. मी म्हटलं, हंसा, इथे सुपरवायझर कोण आहे? वारा म्हणजे वारा, तो इकडून आला काय आणि तिकडून आला काय. आणि त्या चार दोऱ्या मी तिला परत घालायला लावल्या.

मी कोरेगावची गं, साताऱ्याकडची. आमच्याकडे वारा फिरला तर पाचोळा इकडचा तिकडे होतो, एवढंच. मला काय माहीत?

रात्रभर त्या बोंबलांवरून वारा आला आणि माझ्या मोज्यांत शिरला. दवानं मोजे भिजले, त्यांनी तो सगळा पिऊन घेतला. सकाळी उन्हानं परत कोरडे झाले. इथे आणून गरम पंज्यांवर चढवले, म्हणजे जो काही होता तो इस्त्री करून पक्का बसवला. आणि तुला सांगते, समजायला काय कमी खुणा होत्या? त्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना अकरा वाजताच भूक लागली. इस्त्रीवरच्या पोरी म्हणायला लागल्या, बाई, आज लवकर जेवू या ना. मला वाटलं, दिवाळीची घाई, पहाटे उठून आल्यात. खोकी भरून ठेवली तर तीन मांजरं येऊन त्यांच्यावर झोपली. हाकललं तर परत आली. मला वाटलं, थंडी सुरू झाली. एक तर खोक्याला अंग घासून रडत होतं गं.

पण वास आला नाही. खोटं नाही बोलत, तो पेढा घशाखाली आहे माझ्या. एकेक डझन नाकाशी धरून तपासलं मी, हात स्वच्छ पुसून, आणि चिठ्ठीवर म काढला. नाही आला वास. तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले तेव्हा जिन्यात कोळीण आली की मी पदरात कापूर बांधून दार लावून बसायची. माझी आई पंधरा दिवस राहायला आली होती, दोन दिवसांत कोरेगावला परत गेली, म्हणाली, मने, इथे हवाच खारी आहे. आणि आता? एकोणीस वर्षं हंसा माझ्या शेजारी बसून जेवते. माझी भेंडी तिला, तिची चटणी मला. तो जो डबा सांडला सांडला म्हणतोय ना आपण, त्यातला निम्मा रोज मीच खाते. मग त्याचा वास मला काय म्हणून येणार? आपल्याच घराचा वास कोणाला येतो का? भाऊबीजेला शेठनी माझ्या नाकाखाली मोजा धरला आणि म्हणाले, बोला, कसला वास आहे? मी म्हटलं, सुताचा. ते म्हणाले, खोटं बोलताय. अगं, त्या दिवशी मी बोलले त्यात तेवढंच एक खरं होतं.

बाकीचं? बाकीचं मीच सांगितलं. डबा माझ्या डोक्यातून निघाला. शेठ ओरडत होते, हे कोणी केलं, आत्ताच्या आत्ता हाकलतो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — हंसाचा डबा सांडला होता, शेठ. ती दारातच उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. माझ्याकडे बघितलं तिनं. मला वाटलं, आता सांगणार, दोऱ्या, वारा, सगळं. तर म्हणाली, हो शेठ, माझाच डबा. आणि तांब्या ठेवून घरी गेली. नंतर मी फोन केला तर म्हणते, जाऊ दे बाई, तुमचं नाव कशाला, माझ्या डब्यात नाहीतरी बोंबीलच असतो. शेठ चार दिवसांत विसरतील, मग येते. शेठ विसरले असते गं. पण तुमच्या कंपनीचं पत्र आलं, जबाबदार व्यक्तीला कायमचं कमी केल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. आता कायमचं म्हटल्यावर —

मला घाबरट म्हण. म्हण खुशाल. पण तुला माझं घर माहीत नाही. इथून मला काढलं तर मी जाणार कुठे? घरी. घरी कोण आहे? श्रीरंग. चोवीस तास. सकाळी मीटरचं रीडिंग घेतो, दुपारी नोटिसा लिहितो, संध्याकाळी मला वाचून दाखवतो. परवा फ्रिजवर नोटीस होती, दार दहा सेकंदांपेक्षा जास्त उघडे ठेवू नये. इथे मी कोणीतरी आहे संपदा. चाळीस बायका माझ्या एका ‘म’साठी थांबतात. इथे मी बोलते आणि कोणीतरी ऐकतं. तू पण ऐकतेच आहेस ना?

तरी मी सही करणार होते. सकाळी घरून ठरवूनच निघाले होते. पेन हरवलेलं नाहीये, हे बघ, माझ्या अंबाड्यात आहे, मी मघाशीच चाचपलं. पण परवाच्या रविवारी आगाशीच्या बाजारात हंसा दिसली. मी हाक मारली. ती थांबली — पण चार हात लांब. मी पुढे झाले, तशी ती मागे सरकली. म्हटलं, अगं, असं काय? तर म्हणाली, लांबूनच बोलते बाई, तुमच्या साडीला वास लागंल. रागानं नाही गं. साधं, पाऊस आला, आत व्हा, म्हणतात ना, तसं. तिकडे गावात सगळ्यांना झालंय ठाऊक, वास मारते म्हणून कारखान्यातून काढली. तिच्या सुनेची मैत्रीण हसली म्हणे. आणि हिला ते खरं वाटायला लागलंय. कामावर यायची तेव्हा सकाळी लिंबू लावून हात धुऊन यायची ती, मला माहितेय, मी वास घ्यायचे तिच्या हाताचा, लिंबाचा यायचा. एकोणीस वर्षं एका डब्यात जेवलो आम्ही, आणि ती माझ्यापासून चार हात लांब उभी होती. मला त्या बाजारात रडू आलं. कोबीवाला म्हणाला, मावशी, एवढा महाग नाही कोबी.

दे तो कागद इकडे. दे म्हणते ना. हे ‘हंसा’ आहे ना, हे खोडलं. डबापण खोडला. आता बघ, इथे लिहिते — मोजे अर्नाळ्याला वाळत घातले ते मी, रात्री दोरीवर ठेवले ते मी, हंसाने काढा म्हणून सांगितले ते मी ऐकले नाही. मनोरमा. पूर्ण नाव लिहिलंय, नुसता म नाही. आणि खाली टीप — माल मी स्वतः हुंगून पास केला आहे. हे तुझ्या साहेबांना दाखव. ऑर्डर ठेवायची की न्यायची, ते त्यांनी ठरवावं. आमच्या पोरी दुसऱ्या कोणाचे तरी हात शिवतील, ॲन्सेल्मचा बँड तर आहेच. पण बोंबलाचा दोष त्या बाईच्या अंगाला नाही लावायचा. बोंबील दोरीवर होते, आणि दोरीवर ते असायलाच हवेत, त्यांची जागाच ती आहे. जागा चुकली ती माझी.

काय झालं? का हसतेस? नाही, तू हसलीस, मी बघितलं. थांब — तुझा रुमाल कुठाय? तो बघ, टेबलावर पडलाय. कधी काढलास? चहा घेताना काढलास, तो परत लावलाच नाहीस. पाऊण तास झाला असेल. ही पिशवी उघडी आहे तुझ्या नाकासमोर, पंखा बंद, खिडकी बंद. आता घे बरं एक मोठा श्वास. येतो वास? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको. ...नाही ना? बघ! मला वर्षं लागली गं, तुला एक चहा पुरला. हे मात्र लिही. हे लिहायला माझी हरकत नाही.

हॉर्न वाजला. शेठची गाडी. उठा मॅडम, उठा, बाहेरच्या खुर्चीत जाऊन बसा, मी तोंड उघडलेलं नाही, तुम्ही काही ऐकलेलं नाही — नाही, तसं नको. कागद त्यांच्या हातात तुम्हीच द्या, मी दिला तर फाडतील. आणि पेढा मागतील ते, गोड खातात, देऊ नका, तो एकच नमुना राहिलाय. जा आता. दार ओढून घ्या. मला एक फोन करायचाय.

हॅलो... हंसा? मी बाई बोलतेय. ऐक, उद्या ये कामावर. ये म्हणते ना. शेठचं मी बघते, माझंच नक्की नाही, पण तू ये. आणि लिंबू-बिंबू काही लावायचं नाही. डबा आण. मोठा आण.